निव्वळ वाङ्मयीन स्वरूपाचे

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. सगळे त्यांना एट्टय्या म्हणतात. ‘हेड कॉन्स्टेबल’मधला ‘हेड’ तमिळ तोंडात झिजून ‘एट्टु’ झाला आणि त्याला मानाचा ‘अय्या’ लागला. तंजावरच्या राजवाड्यापासून ही गल्ली दहा मिनिटांच्या चालीवर. मी घरात मराठी बोलते, बाहेर तमिळ, आणि पोट इंग्रजीतून या दोन्ही भाषांत मजकूर आणून भरते. हे एट्टय्यांना ठाऊक असल्यामुळे मागच्या मार्गळीत एका सकाळी, बायका दारात कोलम घालत असताना, ते एक छापील कागद घेऊन आले.

“अम्मा, याचं तमिळ करून द्या. पोरानं गोष्ट लिहिलीय. मासिकाला पाठवायची म्हणतो. आधी कायदा काय म्हणतो ते बघू.”

पोरगा म्हणजे त्यांचा नातू, दुसऱ्या श्रेणीचा शिपाई. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील मी इकडचे तिकडे केले आहेत.) गोष्ट साधी होती: एका मंत्र्याच्या दौऱ्यासाठी बंदोबस्ताला उभा केलेला शिपाई, पहाटेच्या रोल कॉलपासून रात्रीपर्यंत, एका उड्डाणपुलाखाली. मंत्री त्या रस्त्याने येतच नाहीत. मधल्या वेळात शिपाई काय काय आठवतो, एवढेच.

कागद होता १९६६ च्या ‘पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियमा’चा. संसदेचा कायदा, पाच-सहा कलमांचा, सगळा मिळून दोन पानेही भरत नाहीत. त्याचे तिसरे कलम सांगते की पोलीस दलातल्या माणसाने सरकारच्या स्पष्ट मंजुरीवाचून कुठल्याही कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सभासद होऊ नये. दलाचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या दुसऱ्या कुठल्या संस्थेतही जाऊ नये. ती निव्वळ सामाजिक, करमणुकीची वा धार्मिक असेल तर गोष्ट वेगळी. वर्तमानपत्रांशी संपर्क ठेवू नये, पुस्तक वा पत्र छापू नये. अपवाद: ते कर्तव्याचा भाग म्हणून असेल, किंवा निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय स्वरूपाचे असेल तर. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी पहिल्या ओळीलाच अडखळले. ‘ट्रेड युनियन’ला तमिळमध्ये ‘तोळिर्संगम’ म्हणतात आणि नुसत्या संघटनेलाही ‘संगम’च. पण संगम म्हटले की तमिळ माणसाच्या मनात आधी मदुरेच्या कवींची ती प्राचीन सभा येते, जिच्या नावाने दोन हजार वर्षांपूर्वीचे सारे काव्य ओळखले जाते. म्हणजे एकाच शब्दात कवीही बसलेले आणि संपावर गेलेले कामगारही. कायद्याला यांच्यामध्ये भिंत हवी होती. माझ्या हातातला शब्द ती भिंत उभी राहू देत नव्हता. एट्टय्या हसले. म्हणाले, “पोरगा संगमात जायचं म्हणत नाही, संगमासारखं लिहायचं म्हणतो.”

मग ही भिंत आली कुठून, या कुतूहलाने मी मागे मागे गेले, आणि शोध फिरून आमच्याच गावात आला.

१७९९ च्या तहाने सरफोजी महाराजांकडे किल्ला आणि भोवतालची थोडी जागा उरली; तंजावर मुलखाचा कारभार, पर्यायाने वसूल आणि बंदोबस्त, कंपनीकडे गेला. गावोगाव पूर्वीपासून कावलकार होते, म्हणजे राखणदार. त्यांना गावाच्या पिकातून वाटा मिळे. कंपनीने त्यांच्या डोक्यावर तहसीलदार बसवला, आणि सारा वसूल करणारा व चोर पकडणारा माणूस एकच झाला. त्याचा परिणाम काय होतो ते १८५५ च्या मद्रास छळचौकशी आयोगाच्या अहवालात वाचायला मिळते. एलियट, स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन असे तिघे त्यावर होते. ‘किट्टी’ हा शब्द त्या अहवालात भेटतो: दोन काठ्या एका टोकाला बांधायच्या, मध्ये माणसाची बोटे घालायची आणि दाबायचे. सारा थकला तरी किट्टी, कबुलीजबाब हवा असला तरी किट्टी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील होता तोच नॉर्टन. मद्रासला राणी जिंकल्या; १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. राज्याने राज्याविरुद्ध केलेली ही कृती आहे, न्यायालयाला तीत बोलण्याचा अधिकार नाही, असे म्हटले. मालमत्तेचा काही भाग पुढे परत मिळाला तो हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून. आमच्या घरात ही गोष्ट दागिन्यांची म्हणून सांगत. मला आता ती व्याकरणाची वाटते: मागणीची कर्मणी करून तिची विनंती केली की देणारा मोठा होतो.

आणि तेच १८५९ साल मद्रास जिल्हा पोलीस कायद्याचे. छळाच्या बदनामीवर उपाय म्हणून वसूल आणि पोलीस वेगळे केले आणि आयर्लंडच्या धर्तीवर गणवेशातले, कवायतीचे दल उभे केले. दोन वर्षांनी याच नमुन्यावर १८६१ चा अखिल हिंदुस्थानचा पोलीस कायदा बेतला गेला. म्हणजे मुंबईत, नागपुरात, पाटण्यात ज्या साच्याचे पोलीस दिसतात त्यातला बराचसा साचा कावेरीच्या बाजूला आधी ओतलेला आहे. १८६१ च्या कायद्याचे बाविसावे कलम म्हणते की पोलीस सदैव कामावर आहे असे समजले जाईल. परवानगीवाचून किंवा दोन महिन्यांच्या सूचनेवाचून त्याला राजीनामासुद्धा देता येत नाही. रयतेला किट्टीपासून वाचवायचे म्हणून शिपायाला शिस्तीत बांधला, हे ठीकच. पण बांधताना त्याचे तोंडही त्याच दोरीत आले, आणि किट्टी मात्र फार लांब गेली नाही. २०२० मध्ये तूत्तुक्कुडी जिल्ह्यातल्या सात्तानकुळम पोलीस ठाण्यात बाप-लेकाला झालेली मारहाण आणि त्यांचे मृत्यू आठवावेत.

भाषांतराच्या धंद्यातला माणूस वगळलेल्या ओळी आधी शोधतो. मला अशी एक वगळ सापडली.

ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले. पुढच्या वर्षी दुसरा संप झाला, तो मुख्यतः लिव्हरपूलला. त्यात गेलेल्या सगळ्यांना कायमचे काढून टाकले. पण ब्रिटिश पार्लमेंटने १९१९ चा पोलीस कायदा केला त्याला दोन अंगे होती. एकाने युनियनला बंदी केली आणि पोलिसांत अप्रीती पसरवणे हा गुन्हा ठरवला. दुसऱ्याने कायद्यानेच पोलीस फेडरेशन जन्माला घातली: संप करायचा नाही, पण पगार, तास, घरे याविषयी सरकारशी बोलायला तुमची एक संस्था असेल, आणि तिच्याशी बोलणे सरकारला भाग असेल. गेली शंभर वर्षे ही फेडरेशन पार्लमेंटात पोलिसांविषयी काही आले की आपले म्हणणे मांडत आली आहे.

तीन वर्षांनी, असहकाराच्या धामधुमीत, हिंदुस्थानात १९२२ चा ‘पोलीस (अप्रीतीची चिथावणी) कायदा’ आला. पहिले अंग जवळजवळ जसेच्या तसे उतरले. दुसऱ्या अंगाच्या जागी फक्त एक अपवाद आला: सरकारने मान्यता दिलेल्या संघटनेने, सरकारने मंजूर केलेल्या नियमांनुसार, सद्भावनेने काही केले तर तो गुन्हा नव्हे. संस्था नाही, संस्थेला परवानगी मिळू शकेल असे एक वाक्य. ‘मान्यता’ हा शब्द आपल्या पोलीस संघटनांच्या इतिहासात शिरला तो इथे, आणि त्याने पुढे जे केले ते त्या राणीच्या दागिन्यांसारखेच आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने संसदेला मुभा दिली की सैन्य आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांना कायद्याने मर्यादा घालता येईल. १९६२ साली बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांच्या निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली, आणि त्यासाठी नेमका याच अनुच्छेदाचा आधार घेतला: घटनेला ज्यांचे हक्क आखडायचे होते त्यांचे तिने वेगळे सांगितले आहे, बाकीच्यांचे शाबूत आहेत. कारकुनांना हा निकाल वरदान ठरला. पोलिसांपुरते मात्र सरकारला आता संसदेचा स्वतंत्र कायदा हवा होता.

तो लवकरच निकडीचा झाला, कारण दिल्लीच्या पोलिसांनी संघटना बांधली. दिल्ली पोलीस बिगर-राजपत्रित कर्मचारी संघ. तिने आधी ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदणी मागितली, ती नाकारली गेली. २ डिसेंबर १९६६ ला निर्बंधांचा कायदा झाला तेव्हा यशवंतराव चव्हाण दिल्लीत गृहमंत्री होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्याच महिन्यात सरकारने संघाला मान्यताही दिली. एका हाताने कुलूप, दुसऱ्याने किल्ली, असे तेव्हा वाटले असेल. किल्ली सरकारच्याच खिशात राहिली. एप्रिल १९६७ मध्ये दिल्लीचे पोलीस गृहमंत्र्यांच्या घरासमोर जमले. पोलिसांनीच अडवायची असते तशी निदर्शने पोलिसांनी केली. शेकडो जणांना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७० मध्ये मान्यतेचे नियम बदलले, १९७१ मध्ये संघाची मान्यता काढून घेतली. संघ न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला नोव्हेंबर १९८६ उजाडले: तुमची संघटना मान्यतेने जन्मली, मान्यता काढण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे, तक्रारीला जागा नाही. पंधरा वर्षांनी आलेला हा निकाल वाचताना मला प्रिव्ही कौन्सिलच आठवत राहिली. कायदा म्हणून तो चुकीचा आहे असे म्हणायची माझी पात्रता नाही. पण ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच मान्यतेवर गाऱ्हाण्याचे तोंड अवलंबून असेल तर बोलणी कशी होणार, हे वाचकाला विचारायला पात्रता लागत नाही.

बोलणी न झाल्यावर जे होते ते सत्तरच्या दशकात झाले. १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात पीएसीचे बंड, त्यात लष्कर आणावे लागले आणि मुख्यमंत्री गेले. १९७९ च्या उन्हाळ्यात पंजाबात सुरू झालेली पोलिसांची अस्वस्थता हरियाणा, दिल्ली करत तमिळनाडूपर्यंत आली. बोकारोत औद्योगिक सुरक्षा दलाच्या छावणीवर लष्कराने गोळ्या झाडल्या. तिथल्या बडतर्फ जवानांचे प्रकरण १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात आले आणि चौकशीवाचून काढून टाकणे वैध ठरले. एट्टय्या १९७९ साली नवे शिपाई होते. त्यांना विचारले तर म्हणाले, “आम्ही रेडिओ ऐकत होतो. आवाज कमी ठेवून.”

त्या वर्षीच राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिला अहवाल आला. धर्मवीर अध्यक्ष, आणि सदस्य-सचिव आमच्याच तमिळनाडूचे सी. व्ही. नरसिंहन. अहवालाची सुरुवात अधिकाऱ्यांपासून नाही, शिपायांपासून आहे: कामाचे तास, घरे, बढती, साहेबांच्या घरची धुणीभांडी. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्येच ऑर्डर्ली पद्धत बंद केल्याचा आदेश काढला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला त्याच आदेशाची आठवण करून द्यावी लागली, कारण शिपाई अजून साहेबांच्या घरी भाजी आणत होते. त्रेचाळीस वर्षांत एकाही शिपायाला उठून सांगता आले नाही की आदेश निघालाय. सांगणार कुठे? वर्तमानपत्राला सांगणे म्हणजे तिसरे कलम.

मराठी वाचकांना १९८२ वेगळे सांगायला नको. तरी त्या दिवसांच्या आठवणीत गिरणी संपाने एवढी जागा व्यापली आहे की पोलिसांचा ऑगस्ट बाजूला पडतो. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती आणि तिला मान्यता होती. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने मान्यता काढली आणि पुढाऱ्यांना पकडले. दिवस उजाडला तो वरळी, नायगावच्या पोलीस वसाहतींतून रस्त्यावर आलेल्या माणसांनी; संपातले गिरणी कामगार त्यांना मिळाले; दुकाने फुटली, लोकल थांबल्या, लष्कर आले, माणसे मेली. ज्या वसाहतींतल्या दहा बाय बाराच्या खोल्या हे संघटनेचे एक गाऱ्हाणे होते, त्यांच्याच जिन्यांवर बंदुकांचा पहारा बसला. ‘बंड’ हा शब्द दुसऱ्या दिवसाच्या मथळ्यांना सोपा गेला असेल. मागणीपत्रात तो नव्हता.

इथपर्यंत लिहून मी मुद्दाम थांबते, कारण गोष्ट एवढीच असती तर माझी बाजू सरळ होती. ती तशी नाही. मी तंजावर जिल्ह्यात वाढले. जुन्या जिल्ह्याच्या पूर्व भागातले कीळवेण्मणी माझ्या जन्माच्या आधीचे, १९६८ च्या नाताळच्या रात्रीचे. मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची चव्वेचाळीस माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळली गेली. त्या भागात ‘संगम’ हा शब्द उच्चारल्याबद्दल माणसांनी किंमत मोजली आहे, आणि पोलीस तेव्हा कुणाच्या बाजूला उभे दिसत ते विसरायला तिथे कुणी तयार नाही. अशा ठिकाणी जाऊन पोलिसांना संगम द्या म्हणणे सोपे नाही.

शिवाय पोलिसांची संघटना बळकट झाली की काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९१५ मध्ये पिट्सबर्गला निघालेली ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ आज वॉशिंग्टनमध्ये उघड वजन वापरते. जानेवारी २०२५ मध्ये पेन्शनकपातीचे दोन जुने नियम रद्द करणारा राष्ट्रीय कायदा झाला. त्यासाठी तिने कित्येक वर्षे पाठपुरावा केला होता. शिक्षक, अग्निशामक दलाचे लोक, सगळ्यांना त्याचा लाभ झाला. हे लॉबिंग मला निर्मळ वाटते. पण जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर पोलिसांना जबाबदार धरणारा कायदा येऊ घातला तेव्हाही पोलीस संघटना वाटाघाटीच्या टेबलाशी होत्या, आणि २०२१ मध्ये ती बोलणी फिसकटली ती मुख्यतः पोलिसांना वैयक्तिक खटल्यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या मुद्द्यावर. पेन्शन मागणारे तोंड आणि ढाल मागणारे तोंड वेगळे नसते. सात्तानकुळमच्या कुटुंबाला मी काय सांगणार?

तरी माझे मत एका बाजूला कलते, आणि ते का ते सांगते. आपल्याकडे तोंड सगळ्यांचे बंद नाही. आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना आहे. ती ठराव करते, वेतन आयोगापुढे आयएएसच्या बरोबरीने वेतन मागते, आणि तिला कुणी बंडखोर म्हणत नाही. २००६ चा पोलीस सुधारणांचा प्रकाश सिंग निकाल एका निवृत्त महासंचालकांच्या याचिकेवर आला; बदल्या, मुदती, नेमणुका यांविषयी त्यात पुष्कळ आहे. शेजारच्या केरळात शिपायांची असोसिएशन उघड अधिवेशने भरवते आणि तिथले राज्य कोसळलेले नाही. म्हणजे प्रश्न पोलिसांनी बोलावे की नाही असा नाहीच. वरचे बोलतात त्याला निवेदन म्हणतात, खालचे बोलतात त्याला अप्रीती. किट्टीचा हुकूम वरून येतो आणि काठी खालच्याच्या हातात असते. “हे मी करणार नाही” असे म्हणणाऱ्या शिपायाच्या पाठीशी उभी राहील अशी एकही जागा दीडशे वर्षांत आपण ठेवली नाही. अशी जागा असती तर तो तसे म्हणालाच असता, याची हमी मला देता येत नाही.

तमिळनाडूत २०२१ मध्ये सरकारने पोलिसांना आठवड्याची सुट्टी जाहीर केली. एट्टय्यांनी ती बातमी कापून ठेवली आहे. मी विचारले, मिळते का? ते म्हणाले, पोराला विचारा. पोराला विचारले तर तो म्हणाला, “मिळते, अक्का. बंदोबस्त नसेल त्या आठवड्यात.”

राहता राहिली गोष्ट. मी कलमाचे तमिळ करून दिले, संगमापाशी एक तळटीप घालून. तिघांनी बसून चर्चा केली. उड्डाणपुलाखालचा शिपाई हे निव्वळ वाङ्मय की गाऱ्हाणे? मी साहित्याची विद्यार्थिनी. म्हटले, जगात निव्वळ वाङ्मयीन असे काही नसते, तुम्ही चिंता करू नका. एट्टय्यांनी माझ्याकडे पाहिले. छत्तीस वर्षे नोकरी केलेला माणूस अशा वाक्यावर नातवाची नोकरी लावत नाही.

शेवटी पोराने शिपायाच्या जागी भाताच्या गिरणीतला वॉचमन घातला. उड्डाणपुलाऐवजी गोदामाचे फाटक आले, मंत्र्याऐवजी मालक. तास तेच ठेवले. मासिकाला पाठवण्याआधी मला वाचायला दिली, तेव्हा दिसले की पहिल्या ओळीतला ‘रोल कॉल’ तसाच आहे. गिरणीच्या वॉचमनला रोल कॉल कुठला, मी म्हटले, काढायला हवा.

पोरगा पेन्सिल घेऊन वाकला. एट्टय्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “राहू दे,” ते म्हणाले, “तेवढा एक राहू दे.”